पुरते पावणेदोनसुद्धा नाहीत

मी संस्कृत शिकायला जर्मनीला चाललोय, ही बातमी आमच्या सांगलीच्या गल्लीत फुटली तेव्हा पहिल्यांदा कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. जर्मनीला लोक इंजिनिअरिंगला जातात. मी पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. करत होतो आणि विद्यार्थी-विनिमयाच्या एका योजनेतून, 2018 च्या हिवाळी सत्रासाठी, ग्योटिंगेनच्या विद्यापीठात माझी निवड झाली होती. (त्या जागेसाठी अर्ज एकच आला होता, हे मी घरी सांगितलं नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगतोय.) शेजारचे काका तेवढे गॅलरीतून म्हणाले, "संस्कृत शिकायला जर्मनीला? मग उद्या मिसळ खायला स्वित्झर्लंडला जाशील."

मला राग आला आणि मी काकांना इतिहास सांगायला बसलो. म्हटलं, काका, फ्रान्झ कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित 1866 ते 1881 अशी पंधरा वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, आपल्याच शास्त्र्यांकडे बसून व्याकरण शिकले, पतंजलीचं महाभाष्य त्यांनी असं संपादलं की आपण आजही तेच उघडतो, आणि मग 1882 साली ते ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून गेले. तीन वर्षांनी त्याच विद्यापीठाने आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. म्हणजे पुण्यातली विद्या तिकडे गेलेली आहे, काका. काकांनी सुपारी कातरता कातरता सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे 1882 साली गेलेली विद्या अजून परत आली नाही, आणि ती आणायला तुला पाठवतायत?"

आईने तेवढ्यात बॅगेत लोणच्याची आणखी एक बाटली कोंबली.

ग्योटिंगेन हे सव्वा लाख वस्तीचं, सायकलींनी भरलेलं गाव. गाऊस, रीमान, हिल्बर्ट हे गणितातले देव इथेच होऊन गेले, त्यामुळे गावात कुठेही उभं राहिलं तरी कुणीतरी थोर माणूस इथे राहत होता अशी पाटी भिंतीवरून आपल्याकडे बघत असते. एवढ्या बुद्धिमान भूमीवर माझं पहिलं काम होतं एक फॉर्म भरणं. नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. मी भारतीय नागरिक, फॉर्म भरण्यात आपला हात कोण धरणार, अशा आत्मविश्वासाने बसलो. धर्माचा रकाना दिसला तेव्हा तर घरी आल्यासारखंच वाटलं आणि मी जातीचा रकाना शोधायला पान उलटलं. मागे काहीच नव्हतं. धर्म विचारतात तो चर्चच्या करासाठी, हे नंतर कळलं. पण खरा घोळ नावात झाला. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी लहानपणापासून हाताला सवय. त्या फॉर्मवर मात्र रकाने दोनच, एक स्वतःच्या नावाचा आणि एक घराण्याच्या नावाचा. वडील घराण्यातच मोडतात असा विचार करून मी त्यांना आडनावाच्या आधी त्याच रकान्यात बसवलं.

तेव्हापासून जर्मनीत मी बाबा झालो.

विम्याचं कार्ड, ग्रंथालयाचं कार्ड, बँकेचं पत्र, सगळं 'श्री.' लावून बाबांच्या पहिल्या नावाने येऊ लागलं. तिथे पोस्टमन दारावरच्या पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो, म्हणून मी पेटीवर माझ्या नावाखाली बाबांचंही नाव चिकटवलं. आमच्या फ्लॅटमध्ये चार खोल्यांतून चार विद्यार्थी राहत होते आणि त्यांतली एक जर्मन मुलगी फार व्यवस्थित होती. साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता तिने पेटीवरची नावं बघून बनवला. तक्त्यात नावं पाच. ते पाचवं नाव म्हणजे माझे वडील आहेत आणि ते सांगलीला असतात, हे जर्मनमध्ये सांगताना मी 'ते येणार नाहीत' ऐवजी 'ते अजून आले नाहीत' असं काहीतरी म्हणालो असणार, कारण ती समजुतीने म्हणाली, मग ते येईपर्यंत त्यांची पाळी तू कर. पुण्यातल्या खोलीत सत्रातून एकदाही केरसुणी न धरलेला मी, तिथे आधी माझ्या नावाने आणि पुढच्या आठवड्यात बाबांच्या नावाने संडास घासत होतो. त्यातच रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं. टीव्ही असो नसो, तिथे तेव्हा दर घरामागे महिन्याला साडेसतरा युरो भरावेच लागत. पत्र अर्थात बाबांच्या नावे. मी फोटो काढून घरी पाठवला. बाबांचा लगेच फोन: "अरे, पण मी तिकडे टीव्ही घेतला कधी?"

(स्वयंपाकाचं विचारू नका. फोडणी केली, धुराचा भोंगा वाजला, चौघंही थंडीत खाली जाऊन उभे राहिलो. परदेशी गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाचं हे होतंच, त्यात माझं असं वेगळं काही नाही.)

आता वर्गाकडे वळू. जर्मन लोक वेळेचे पक्के, हे मला निघताना ओळखीच्या आणि अनोळखी अशा सगळ्यांनी बजावलं होतं. वेळापत्रकात लिहिलं होतं: 10 सी. टी. मी पावणेदहालाच खोलीत हजर. खोलीत चिटपाखरू नाही. दहा वाजले तरी नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की 'सी. टी.' ही दुसरी कुठलीतरी इमारत असणार, आणि मी दप्तर उचलून त्या इमारतीच्या शोधात निघालो. दोन माळ्यांना आणि एका आजोबांना पत्ता विचारला, तिघांनीही शांतपणे सांगितलं की अशी इमारत नाही. शेवटी धापा टाकत मूळ खोलीत परतलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, वर्ग भरला होता आणि सुरू होऊन बरोबर पाच मिनिटं झाली होती. त्या दोन अक्षरांचा अर्थ असा की तास ठरल्या वेळेनंतर पाव तासाने सुरू होतो. तिथल्या विद्यापीठांची ही जुनी रीत आहे. आधी येऊन उशीर केलेला त्या वर्गातला मी पहिलाच.

धडा शिकलो. पुढे वर्ग घेणाऱ्या बाईंनी भेटायला बोलावलं दोन वाजता, आणि मी मोठ्या रुबाबात सव्वादोनला दार ठोठावलं. बाई घड्याळाकडे बघत होत्या. त्यांनी निरोपात 'एस. टी.' लिहिलं होतं, म्हणजे पाव तास वगैरे काही नाही, अगदी ठोक्याला. आता सांगली स्टँडवर लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसाने या अक्षरांचा असा अर्थ लावावा, ही अपेक्षाच जरा जास्त होती.

बाई स्वभावाने फार चांगल्या, हळू बोलणाऱ्या, आणि आमचं वाचन चालू होतं मेघदूताचं. मेघदूत म्हटल्यावर मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. आजोबांनी माझ्याकडून ते सबंध पाठ करून घेतलेलं, एका श्लोकाला एक शेंगदाण्याची वडी या दराने. पोरं एकेक ओळ अडखळत वाचायची, विग्रह करायची, कोश उघडायची. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले, मांडी घालता येत नव्हती म्हणून नुसती पाठ ताठ केली आणि मंदाक्रांतेत जो सुटलो तो माझी ओळ, पुढची ओळ, तो श्लोक, पुढचा श्लोक असा थांबेचना. डोळे उघडले तर वर्ग स्तब्ध. मला वाटलं, भारावले.

बाईंनी विचारलं, "फार सुंदर. हा पाठ कुठला धरलायत तुम्ही?"

मी म्हटलं, "आजोबांचा."

बाईंनी गंभीरपणे वहीत टिपून घेतलं. "त्यांची प्रत पाहायला मिळेल?"

"प्रत नव्हती. पाठ होतं."

"मग त्यांना विचारता येईल?"

"ते वारले."

वर्गाने माझ्या दुःखात सहभागी होऊन दोन क्षण माना खाली घातल्या. मग बाईंनी समजावून सांगितलं की मेघदूताच्या श्लोकांची संख्यासुद्धा सगळीकडे एक नाही. काश्मीरच्या वल्लभदेवाची टीका उपलब्ध टीकांत सगळ्यांत जुनी, तिच्यात श्लोक 111. आपल्याकडे मल्लिनाथाच्या टीकेसह जे छापतात त्यात याहून जास्त. मी घाईघाईने बोटांवर हिशेब करू लागलो, की म्हणजे आजोबांकडून खाल्लेल्या वड्यांपैकी काही वड्यांना शास्त्राधार नव्हता. पुढे त्या म्हणाल्या की यक्षाला ढग दिसला तो आषाढाच्या पहिल्या दिवशी, असं आपण धरतो, पण वल्लभदेवाचा पाठ घेतला तर तो दिवस आषाढ संपतानाचा ठरतो. आता मात्र मी उठलो. कालिदास म्हणजे काय सोम्यागोम्या? मी ठासून सांगितलं की दिवस पहिलाच. पुरावा विचारल्यावर मी म्हटलं, आमच्या शाळेत कालिदास दिन आषाढाच्या पहिल्याच दिवशी असतो, वक्तृत्वस्पर्धा होते, आणि मला त्यात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेलं आहे.

हेही बाईंनी वहीत टिपून घेतलं. त्या वहीत माझ्याविषयी काय काय जमा झालं असेल, याचा विचार मी रात्री झोपताना मुद्दाम करत नसे.

याच विषयावर मी जानेवारीत वर्गापुढे निबंध वाचायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे मी तयारी करणार असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात ती तयारी झाली एका लोणच्याच्या बाटलीमुळे, आणि ती हकिगत सांगायलाच हवी.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. वाणी बंद, बाजार बंद, सगळं बंद. शनिवारी संध्याकाळी सामान भरून ठेवावं हे प्रत्येक रविवारी सकाळी माझ्या लक्षात यायचं. अशाच एका रविवारी कालचा पाव आणि आईचं लोणचं खाऊन मी लोणच्याच्या दोन्ही बाटल्या संपवल्या आणि त्या फेकायला निघालो. तिथे कचरा फेकणं ही एक शाखाच आहे: कागद वेगळा, वेष्टनं पिवळ्यात, ओला कचरा वेगळा, काच तर रंगाप्रमाणे तीन ठिकाणी, पांढरी, तपकिरी आणि हिरवी. प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर 25 सेंट अनामत असते, ती दुकानात परत मिळते, हे कळण्याआधी मी बऱ्याच बाटल्या श्रद्धेने पिवळ्या डब्याला अर्पण केल्या होत्या. पण आता मी तयार झालो होतो. लेंगा, आईने विणलेला स्वेटर, कानटोपी, मोजे, वर चपला अशा थाटात दोन्ही बाटल्या धुऊन पुसून घेऊन मी खाली गेलो आणि पांढऱ्या काचेच्या पेटीत पहिली बाटली सोडली. ती आत जाऊन फुटल्याचा खणखणीत आवाज साऱ्या गल्लीत घुमला. समोरच्या बंगल्याची खिडकी उघडली, एका आजीबाईंनी डोकं बाहेर काढलं आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "आज रविवार आहे!"

मला भरून आलं. एवढ्या दिवसांत गावातलं कुणी आपणहून माझ्याशी बोललं नव्हतं. मी हात हलवून म्हटलं, "तुम्हालाही!" आणि दुसरी बाटली सोडली.

त्यानंतर आजीबाई जे बोलल्या त्यातलं मला निम्मंच कळलं आणि तेवढं पुरे होतं. रविवार हा शांततेचा दिवस. काच टाकायची ती कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी. मी तीनदा क्षमा मागून वर पळालो आणि फ्लॅटचं दार ढकललं. ते उघडेना. तिथली दारं ओढली की आपोआप बंद होतात आणि बाहेरून फिरवायला काही नसतं, नुसता एक गोळा असतो. किल्ली आत, फोन आत, पाकीट आत. बाकीचे तिघंही सुट्टीला बाहेरगावी. आमच्या सांगलीच्या घराला कडी आहे. कडी आपण होऊन लागत नाही.

जिन्यात बसून थोडा वेळ रामरक्षा म्हटली, पण थंडी हाडात शिरायला लागली तेव्हा जिथे शेगडी पेटती आणि प्रवेश फुकट अशी एकच जागा आठवली: विद्यापीठाचं ग्रंथालय. लेंग्यावर तिथे जायचं या कल्पनेने रस्ताभर मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण एकानेही मान वर करून बघितलं नाही, उलट मोजे घालून वर चपला हा वेष तिथे इतका सर्रास निघाला की मी पहिल्यांदाच स्थानिक दिसत होतो. करायला दुसरं काहीच नव्हतं, खिशात काही खायलाही पैसे नव्हते, म्हणून मी वल्लभदेव काढला. संध्याकाळी फ्लॅटमधली ती व्यवस्थित मुलगी परत येईपर्यंत मी वाचत होतो, टिपणं काढत होतो. संपूर्ण सत्रात मी मन लावून अभ्यास केलेला दिवस तो एवढाच, आणि तोही लेंग्यावर.

निबंधाचे मी दोन भाग केले. पहिला भाग श्लोकांच्या संख्येचा, तो नुसती प्रस्तावना. दुसऱ्या भागात आषाढाच्या दिवसाचा मी असा काही निकाल लावणार होतो की ग्योटिंगेनच्या भिंतीवर आणखी एक पाटी लागावी. जर्मनमध्ये पहिला भाग कसाबसा संपवला, घशाला कोरड पडली, म्हणून पाण्याची बाटली उचलली आणि एक घोट घेतला. आणि सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकं वाजवायला लागला.

आमच्या कॉलेजात बाकं कधी वाजवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या एका सरांना तर ती वाजली की आपोआप डस्टर उचलायची सवय लागली होती. माझे कान गरम झाले. एवढं शिकलेलं गाव, पण शेवटी पोरं ती पोरंच, असं मनाशी म्हणत मी कागद गोळा केले, 'आभारी आहे' असं पुटपुटलो आणि जागेवर जाऊन बसलो. बाकं आणखी जोरात वाजली. तिकडे टाळ्यांऐवजी बाकं वाजवतात, हे शेजारच्या मुलाने मला मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या, रांगेत सांगितलं, बटाट्याची वाट बघत असताना. तो जगाने कधीही न ऐकलेला दुसरा भाग माझ्या हातात तसाच होता. बाई मात्र प्रसन्न होत्या. अर्ध्या तासाच्या निबंधाला लोक पाऊण तास घेतात, म्हणाल्या. तुम्ही बारा मिनिटांत थांबलात आणि वादग्रस्त प्रश्नाला हातसुद्धा लावला नाहीत, हा संयम दुर्मिळ आहे.

संयमी म्हणून माझं नाव झालं आणि त्यातून पुढचं संकट उभं राहिलं. फेब्रुवारीत आमच्याच विभागातल्या एकाची पीएच.डी. झाली. तिथली पद्धत अशी की नव्या डॉक्टरला सजवलेल्या हातगाडीत बसवून मित्रमंडळी जुन्या टाऊन हॉलपुढच्या कारंज्यापाशी नेतात. कारंज्यावर हंस सांभाळणाऱ्या एका मुलीचा छोटा पुतळा आहे, 1901 पासून. नव्या डॉक्टरने वर चढून तिला फुलं द्यायची आणि तिचा मुका घ्यायचा. 1926 साली यावर बंदी आली, एक विद्यार्थी त्याविरुद्ध कोर्टात जाऊन हरला, आणि मुके चालूच राहिले. गाडी ओढायला माणूस हवा होता, संयमी माणूस म्हणून मला घेतलं. डॉक्टरसाहेब चढले, उतरले, आणि मग कुणीतरी उत्साहाने मला म्हणालं, तूही चढ, फोटो काढू. चढलो. एक फूल उरलं होतं ते दिलं. मुका घेतला नाही. पाय घसरला आणि तोल सावरताना मी त्या मुलीच्या गळ्यात पडलो, तेवढ्यात फोटो निघाला.

तो फोटो मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आईला पहिली काळजी ती मुलगी कोण याची. ती ब्राँझची आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. पण मावसभावाने इंटरनेटवर शोधून ग्रुपवर लिहिलं की इथे फक्त पीएच.डी. झालेल्यांनाच चढता येतं. रात्रीपर्यंत अभिनंदनाचे दीडशे मेसेज. मी खुलासा लिहीपर्यंत बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते, आणि माझा खुलासा सगळ्यांनी विनय म्हणून घेतला.

एप्रिलमध्ये, मी घरी परतल्यावर, टपालाने गुणपत्रिका आली. नाव अर्थातच बाबांचं. बाबांनी चष्मा लावून पाकीट फोडलं, बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि आईला हाक मारली. "अगं, हे बघ. आयुष्यात पहिल्यांदा परदेशी शिकलो आणि पाचपैकी एक पूर्णांक सात! पुरते पावणेदोनसुद्धा नाहीत!"

मी समजावलं की तिकडे एक म्हणजे सर्वोत्तम, चारपर्यंत पास आणि पाच म्हणजे नापास, त्यामुळे आकडा जितका लहान तितका चांगला, हे 'उत्तम'मध्ये मोडतं. बाबांनी शांतपणे विचारलं, "हे त्यांनी सांगितलेलं आहे की तू?" काका कठड्याला रेलून ऐकत होते. म्हणाले, "असू दे हो. डॉक्टर तर झालाय ना? आपल्या इथल्या कित्येक डॉक्टरांना तेवढेही नसतील."

आता गल्लीत मला सगळे डॉक्टर म्हणतात. परवा देवळातून येताना एका आजींनी मला पायरीवर थांबवून गुडघा दाखवला. मी नको नको म्हणत असतानाच मागे आणखी दोघीजणी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या एकीकडे एक्स-रे होता. तेव्हा सांगलीतल्या वाचकांना हात जोडून विनंती, मी डॉक्टर नाही, कसलाच नाही. माझं एम.ए.देखील एक पेपर राहिल्यामुळे अजून व्हायचंय.